कोरड्या तोंडाची तक्रार ऐकून घेणारे डॉक्टर : हेन्रिक शोग्रेन (जीवनपरिचय)

२३ जुलै म्हटलं की आपल्याला लोकमान्य टिळकांची जयंती आठवते. शाळेत प्रतिमेला हार घालतो, भाषणं होतात, शेंगांच्या टरफलांची गोष्ट कुणीतरी सांगतंच. त्याच तारखेला, १८९९ साली, दूर युरोपातल्या स्वीडन देशात एक मुलगा जन्मला. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. त्यांचं नाव हेन्रिक शोग्रेन.

हे नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पण सांधेरोगाच्या डॉक्टरांना विचारा, ते लगेच ओळखतील, कारण एका आजारालाच हे नाव मिळालेलं आहे. आपल्याकडे काही डॉक्टर त्याचा उच्चार जोग्रेन असाही करतात. या आजारात तोंड आणि डोळे कोरडे पडतात. ऐकायला साधी गोष्ट वाटते ना? म्हणूनच आजचा पाठ. साधी वाटणारी तक्रार एका माणसाने नीट ऐकून घेतली, तर त्यातून काय निघालं, ते आज आपण पाहणार आहोत.

आपल्याकडचं कोरडं तोंड

आधी आपल्या गावाकडे बघू. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, पर्जन्यछायेतले. घोडनदी आणि भीमा असल्या, कालव्याच्या पाण्यावर ऊस डोलत असला, तरी एप्रिल-मे महिन्यांत न्हावरे काय, केडगाव काय, पाटस काय, दुपारी बाहेर पडलं की घशाला कोरड पडतेच. त्यामुळे तोंड कोरडं पडतंय असं कुणी म्हटलं, की आपलं उत्तर ठरलेलं असतं. ऊन आहे, पाणी पी.

बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण एखाद्या बाईचं तोंड पावसाळ्यातही कोरडं असतं. भाकरीचा घास कालवणाशिवाय, पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही. जीभ टाळूला चिकटते. रात्री पाणी प्यायला तीन-चारदा उठावं लागतं. चहात बुडवल्याशिवाय खारी खाता येत नाही. अशा वेळीही आपण ऊन आहे, पाणी पी, एवढंच म्हणत राहतो.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. शिकवता शिकवता त्यांचा आवाज बसायचा, म्हणून टेबलावर कायम पाण्याची बाटली. मुलं मागून हसायची. दात एकामागून एक किडले, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सकाळी बोटं आखडायची, त्यासाठी आणखी कुणाकडे. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या, आणि तिन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशव्यांत. या तिन्ही तक्रारी एकाच आजाराच्या आहेत हे कळायला त्यांना चार वर्षं लागली.

आता लक्षात ठेवा, या बाईंच्या तीन चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचण्याचं काम शोग्रेन यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

लाळ काय करते?

पुढे जाण्याआधी विज्ञानाची थोडी उजळणी करू. आपल्या तोंडात लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. एक कानाच्या पुढे-खाली, दुसरी खालच्या जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठांच्या आणि गालांच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी असतात. या सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात.

लाळेतलं टायलिन हे विकर पिठूळ पदार्थांचं पचन तोंडातच सुरू करतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो त्यामुळेच. लाळ घास ओला करते, चव जिभेपर्यंत पोचवते, दातांवरचं आम्ल सौम्य करते, दातांना कॅल्शियम पुरवते आणि जंतूंना आवर घालते. म्हणजे लाळ कमी झाली की नुसती तहान लागत नाही. दात हिरडीजवळ किडू लागतात, तोंडात बुरशीचा पांढरा थर येतो, जिभेला भेगा पडतात, तिखट सहन होत नाही, जेवण नकोसं होतं. आपल्या ठेचा-भाकरीच्या मुलखात तिखट बंद होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

जन्म आणि शिक्षण

हेन्रिक शोग्रेन यांचा जन्म स्वीडनमधल्या शोपिंग या छोट्या गावात झाला. रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना हे गाव माहीत असायला हवं. ऑक्सिजन वायू शोधणाऱ्यांपैकी एक असलेले कार्ल शीले याच गावात औषधाचं दुकान चालवत होते आणि १७८६ मध्ये तिथेच वारले. अशा गावातून हेन्रिक पुढच्या शिक्षणासाठी राजधानी स्टॉकहोमला गेले. तिथल्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १९२७ मध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळवला. नेत्रविज्ञान हा त्यांनी आपला विषय निवडला आणि स्टॉकहोमच्या सेराफिमर रुग्णालयात ते काम करू लागले.

तो काळ कसा होता? पेनिसिलिन अजून रुग्णांच्या हातात आलेलं नव्हतं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते, हा विचार वैद्यकात रुजलेला नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे बघावेत, दातांच्या डॉक्टरने दात, अशी कामाची वाटणी मात्र तेव्हाही होती.

तीन तक्रारी, एक बाई

१९३० च्या सुमारास शोग्रेन यांच्यासमोर पन्नाशीच्या उंबरठ्यावरची एक बाई आली. तिचे डोळे कोरडे होते. तेवढं बघून डोळ्यांत घालायला थेंब दिले असते, तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण तिचं तोंडही कोरडं होतं. आणि तिचे सांधे दुखत होते. डोळा, तोंड आणि सांधा यांचा एकमेकांशी काय संबंध? शोग्रेन यांनी हा प्रश्न सोडून दिला नाही. अशा आणखी बायका सापडतात का, हे ते बघू लागले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. असे रुग्ण पाहणारे ते पहिले नव्हते. १८८८ मध्ये मिकुलिच नावाच्या शल्यचिकित्सकाने एका शेतकऱ्याच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी सुजल्याचं पाहिलं होतं. त्याच वर्षी लंडनच्या हॅडन या डॉक्टरने तोंड कोरडं पडलेल्या आणि अश्रू न येणाऱ्या एका बाईची नोंद केली. १९२५ च्या सुमारास फ्रान्समधल्या गूजेरो यांनीही असे रुग्ण पाहिले. म्हणजे मणी सगळे होते, पण वेगवेगळ्या देशांत विखुरलेले. दोरा ओवला तो शोग्रेन यांनी.

त्यासाठी त्यांनी काय केलं? रुग्णांची नीट तपासणी केली, पुन्हा पुन्हा केली. डोळ्यातून किती पाणी येतं हे मोजायला तेव्हा एक सोपी रीत होती, शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते बघायचं. ही तपासणी आजही होते. शिवाय शोग्रेन यांनी रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग वापरला. कोरडेपणामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी जिथे खराब झाल्या, तिथे हा रंग धरतो आणि डोळ्याची खराबी उघड दिसते. ग्रंथींचे तुकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यामुळे रुग्ण बाई सांगतेय ते तिच्या मनाचे खेळ नाहीत, हे कुणालाही डोळ्यांनी बघता आलं.

प्रबंध आणि कमी गुण

१९३३ मध्ये शोग्रेन यांनी आपला प्रबंध सादर केला. तो जर्मन भाषेत होता. त्यात १९ रुग्णांची हकिगत होती. सगळ्या बायका. त्यातल्या १३ जणींना सांध्यांचा आजार होता. डोळ्यांच्या या कोरडेपणाला त्यांनी केराटोकंजंक्टिव्हायटिस सिक्का असं नाव दिलं. नाव जिभेला जड आहे, पण अर्थ सोपा आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि डोळ्याचं पांढरं आवरण, दोन्हींचा कोरडेपणामुळे होणारा दाह. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी सांगितलं, की हा नुसता डोळ्याचा आजार नाही, तो सगळ्या शरीराचा आजार आहे आणि डोळा हे त्याचं एक दार आहे.

आता तुम्हाला वाटेल, परीक्षकांनी पाठ थोपटली असेल. तसं झालं नाही. प्रबंध मंजूर झाला, पण त्याला वरचा दर्जा मिळाला नाही. स्वीडनमध्ये तेव्हा विद्यापीठात शिकवायचं तर डोसेंट ही पदवी लागायची आणि ती प्रबंधाच्या दर्जावर ठरायची. ती शोग्रेन यांना मिळाली नाही. विद्यापीठातली वाट तिथेच बंद झाली.

मुलांनो, परीक्षेत कमी गुण पडले की आपल्याला जग संपल्यासारखं वाटतं. शोग्रेन यांच्या बाबतीत तर एका निकालाने सगळी नोकरीच बदलून टाकली. पण पुढे काय झालं ते बघा.

योनशोपिंगचे दिवस

काही वर्षांतच शोग्रेन राजधानी सोडून दक्षिण स्वीडनमधल्या योनशोपिंग या शहरात गेले. तिथल्या रुग्णालयातला डोळ्यांचा विभाग त्यांनी सांभाळला, तो १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत. म्हणजे उभी कारकीर्द जिल्ह्याच्या गावात. आपल्या भाषेत सांगायचं, तर पुण्या-मुंबईचं मोठं पद हुकलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात बदली झाली, असा प्रकार. तिथे रोजचे मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्यांच्या जखमा, सगळं बघावं लागे. कॉर्निया बदलण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांनी चांगलंच कौशल्य मिळवलं.

पण कोरड्या डोळ्यांच्या आणि कोरड्या तोंडाच्या रुग्णांना ते विसरले नाहीत. रुग्ण जमवत राहिले, लिहीत राहिले. १९५१ मध्ये त्यांनी या विषयावर पुन्हा लेख लिहिला, तोपर्यंत त्यांच्याकडच्या रुग्णांची संख्या १९ च्या कितीतरी पुढे गेली होती.

उशिरा मिळालेली ओळख

शोग्रेन यांचं काम जगापुढे आलं ते एका भाषांतरामुळे. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी त्यांचा जर्मन प्रबंध इंग्रजीत आणला आणि १९४३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना! भाषेच्या शिक्षकांनी हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा. भाषांतर हे दुय्यम काम नव्हे. ते झालं नसतं, तर हे पुस्तक कदाचित धूळ खात पडलं असतं.

मग हळूहळू चक्र फिरलं. १९५३ मध्ये मॉर्गन आणि कॅसलमन या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं, की मिकुलिच यांनी वर्णन केलेला आजार आणि शोग्रेन यांचा आजार सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखेच दिसतात. १९५७ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाने शोग्रेन यांना सन्मानाने डोसेंट ही पदवी दिली. प्रबंधानंतर तब्बल २४ वर्षांनी! १९६१ मध्ये स्वीडनच्या सरकारने त्यांना प्राध्यापक हा किताब दिला. जी वाट १९३३ मध्ये बंद झाली होती, ती त्यांच्या साठीच्या आसपास उघडली. सप्टेंबर १९८६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज त्यांचा जन्मदिवस, २३ जुलै, हा जागतिक शोग्रेन दिन म्हणून पाळला जातो.

कुंपणच शेत खातं तेव्हा

आता हा आजार होतो तरी कसा, ते समजून घेऊ. आपल्या शरीरात पांढऱ्या पेशी राखणदारासारख्या फिरत असतात. बाहेरून आलेल्या जंतूंना त्या ओळखतात आणि मारतात. काही माणसांत या राखणदारांची ओळख चुकते आणि ते घरच्याच माणसांवर काठी उगारतात. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. कुंपणानेच शेत खावं, तसा हा प्रकार. शोग्रेनच्या आजारात हे कुंपण लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथी खातं. पांढऱ्या पेशी ग्रंथींत शिरून तळ ठोकतात आणि ग्रंथी हळूहळू निकामी होतात.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी जास्त, साधारण दहा रुग्णांत नऊ बायका. बहुतेक वेळा चाळिशी ते साठीच्या दरम्यान तो लक्षात येतो. कधी तो एकटा असतो, कधी संधिवात किंवा ल्युपस यांच्या जोडीने येतो. हा संसर्गाचा आजार नाही, त्यामुळे एकाच्या ताटात जेवल्याने, एकाच तांब्याने पाणी प्यायल्याने तो पसरत नाही. हे घरातल्या सगळ्यांना सांगायला हवं.

आणखी एक. प्रत्येक कोरडं तोंड म्हणजे हा आजार नव्हे. मधुमेह असेल, सर्दी-ॲलर्जीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या चालू असतील, डोक्या-मानेला किरणोपचार झाले असतील, तरी तोंड कोरडं पडतं. म्हणून डॉक्टर आधी साखर तपासतात, चालू गोळ्या विचारतात. शंका आली तर रक्तातल्या विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी करतात आणि गरज पडली तर खालच्या ओठाच्या आतून बारीकसा तुकडा काढून तपासतात.

औषध आधी आलं, आजाराचं नाव नंतर

आता गंमत बघा. शोग्रेन यांनी या आजाराचं रूप उलगडलं १९३३ मध्ये. पण कोरड्या तोंडाचं औषध त्याच्याही साठ वर्षं आधी युरोपात पोचलेलं होतं.

ब्राझीलमध्ये जॅबोरँडी नावाचं झुडूप वाढतं. तिथल्या मूळच्या लोकांना ठाऊक होतं, की याची पानं चघळली की तोंडातून लाळ वाहू लागते. त्यांच्या भाषेतलं ते नावच लाळ गळण्यावरून पडल्याचं सांगतात. कौटिन्यो नावाचे ब्राझीलचे डॉक्टर १८७० च्या दशकात ही पानं पॅरिसला घेऊन गेले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये हार्डी आणि इंग्लंडमध्ये जेरार्ड या दोघांनी स्वतंत्रपणे त्यातला कामाचा घटक वेगळा काढला. तो म्हणजे पायलोकार्पिन. वर सांगितलेल्या लंडनच्या हॅडन यांनी १८८८ मध्ये आपल्या रुग्ण बाईला याच वनस्पतीचं औषध दिलं आणि तिला बरं वाटलं.

डोळ्यांचे डॉक्टर तर हे औषध १८७० च्या दशकापासूनच काचबिंदूसाठी थेंबांच्या रूपात वापरत होते. तरी शोग्रेनच्या रुग्णांसाठी त्याची गोळी अमेरिकेत रीतसर मान्य व्हायला १९९८ साल उजाडलं. त्याच्या चार वर्षं आधी, १९९४ मध्ये, किरणोपचारामुळे तोंड कोरडं पडलेल्या कर्करुग्णांसाठी ती मान्य झाली होती. २००० मध्ये सेविमेलिन हे दुसरं औषध आलं. शोग्रेन यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

ही औषधं काम कशी करतात? लाळग्रंथीला काम सुरू कर असा निरोप मज्जातंतूंकडून येतो. तो निरोप घेणारी कुलपं ग्रंथीच्या पेशींवर असतात. पायलोकार्पिन आणि सेविमेलिन या किल्ल्या त्या कुलपांत बसतात, आणि ग्रंथीचा जो भाग अजून शाबूत आहे तो जास्त लाळ सोडू लागतो. इथेच या औषधांची मर्यादाही कळते. विहिरीला पाणी असेल तरच मोटर उपयोगाची. ग्रंथी पूर्ण आटली असेल तर गोळीचा फारसा फायदा होत नाही. म्हणून आजार लवकर ओळखणं महत्त्वाचं. आणि या गोळ्या कोरडेपणा कमी करतात, मूळ आजार बरा करत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

पायलोकार्पिनची ठरलेली मात्रा साधारण ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून चार वेळा आणि सेविमेलिनची ३० मिलिग्रॅम तीन वेळा अशी असते. पण ही माहिती समजून घेण्यासाठी आहे, दुकानातून आणून घेण्यासाठी नाही. पूर्ण फायदा कळायला काही आठवडे लागतात.

आपल्या भागात ही औषधं घेताना

ही किल्ली फक्त लाळग्रंथीचं कुलूप उघडत नाही, तसलीच कुलपं घामाच्या ग्रंथी, आतडी, मूत्राशय, श्वासनलिका इथेही असतात. म्हणून या गोळ्यांनी घाम खूप येतो, चेहरा लाल होतो, लघवीला वारंवार जावं लागतं, मळमळतं.

स्वीडनच्या थंडीत घाम आला तर फारसं बिघडत नाही. पण मे महिन्यात दौंडच्या शिवारात खुरपणी करणाऱ्या बाईला किंवा रांजणगावच्या कारखान्यात भट्टीजवळ उभं राहणाऱ्या माणसाला आधीच घाम येत असतो. त्यात गोळीचा घाम. पाणी कमी प्यायलं तर चक्कर येऊ शकते. म्हणून आपण उन्हात किती तास काम करतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. दमा आटोक्यात नसेल, डोळ्याच्या आतला दाह किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल, तर या गोळ्या चालत नाहीत. हृदयाचा आजार असेल तर तेही आधी सांगायचं.

ज्यांना गोळ्या चालत नाहीत त्यांनी काय करावं? कृत्रिम लाळेचे फवारे आणि जेल मिळतात. त्यांचा ओलावा थोडाच वेळ टिकतो, पण जेवणाआधी आणि झोपताना उपयोग होतो. साखर नसलेलं च्युइंगम चघळलं की उरलेल्या ग्रंथी जाग्या होतात. पाणी एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा घोट-घोट प्यावं. फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी, दातांच्या डॉक्टरांना वर्षातून दोनदा तरी दाखवावं.

आणि आपल्याकडच्या तीन सवयी सोडाव्यात. पहिली, तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी चघळणं. लाळ नसलेल्या तोंडात साखर म्हणजे किडीला आमंत्रण. दुसरी, सारखी लिंबाची फोड चोखणं. आम्लाने दातांचं कवच झिजतं. तिसरी, मशेरी आणि तंबाखू. दुखऱ्या हिरड्यांना मशेरीने बरं वाटतं असं अनेक बायका मानतात, पण कोरड्या तोंडाला ती आणखी बिघडवते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. कानाखालची गाठ बरेच दिवस सुजलेली राहिली, तर तीही डॉक्टरांना दाखवावी, कारण या आजारात काही थोड्या रुग्णांना लसिकाग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो.

आमच्या त्या निवृत्त शिक्षिका आता गोळी घेतात. सगळे दात काही परत आले नाहीत. उन्हाळ्यात त्यांना ओला रुमाल जवळ ठेवावा लागतो. पण परवा त्यांनी हुरड्याच्या वेळी बसून गप्पा मारल्या, मध्ये पाण्यासाठी न थांबता. चार वर्षं आधी हे कळलं असतं, तर दातही वाचले असते.

आपण काय शिकलो?

शोग्रेन यांनी नवीन यंत्र शोधलं नाही, नवीन औषधही नाही. टिपकागदाची पट्टी दुसऱ्याची, रंग बाजारातला. त्यांनी फक्त समोरच्या बाईची पूर्ण तक्रार ऐकली, डोळ्यापुरती ऐकून थांबले नाहीत, आणि तशा १९ जणी सापडेपर्यंत शोध सोडला नाही. कमी गुण पडले तरी ते आपल्या निरीक्षणावर ठाम राहिले.

तेव्हा मुलांनो, घरी आजी, आई, काकू यांपैकी कुणी वारंवार म्हणत असेल, की घास उतरत नाही, डोळ्यांत खुपतंय, बोटं आखडतायत, तर ऊन आहे म्हणून सोडून देऊ नका. सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहा, जुन्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि तो कागद आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते पुण्याला सांधेरोगतज्ज्ञांकडे पाठवतील. तो कागद लिहिणं म्हणजे शोग्रेन यांचंच काम पुढे नेणं.

स्वाध्याय

१. कोरड्या भाकरीचा किंवा पोळीचा छोटा तुकडा सावकाश चावा. तो गोड लागायला किती वेळ लागला ते वहीत लिहा आणि कारण सांगा.

२. शोग्रेन यांच्या आधीही काही डॉक्टरांनी असे रुग्ण पाहिले होते. मग आजाराला नाव शोग्रेन यांचंच का मिळालं? तुमच्या शब्दांत लिहा.

३. पायलोकार्पिन आणि सेविमेलिन या गोळ्या घेणाऱ्या माणसाने आपल्या भागातल्या उन्हाळ्यात कोणती काळजी घ्यावी? तीन मुद्दे लिहा.

४. कुंपणच शेत खातं या म्हणीचा या पाठातला अर्थ स्पष्ट करा आणि तिचा दुसऱ्या एखाद्या प्रसंगात वाक्यात उपयोग करा.